कबड्डीतील बचावपटूचे बिगरहंगामी बलसंवर्धन

कबड्डीतील बचावपटूचे बिगरहंगामी बलसंवर्धन म्हणजे स्पर्धा नसलेल्या काळात, पकड करणाऱ्या खेळाडूच्या शरीरातील बळ, स्फोटक शक्ती आणि दुखापतीला तोंड देण्याची क्षमता वाढविण्यासाठी आखलेला पद्धतशीर व्यायाम होय. हा लेख मुख्यतः १४ ते १९ वर्षे वयोगटातील, कोपऱ्यात किंवा मध्यभागी उभ्या राहणाऱ्या बचावपटूंच्या संदर्भात आहे. उदाहरणे विदर्भातील, विशेषतः वर्धा परिसरातील हवामान, जमीन आणि शालेय वेळापत्रक लक्षात घेऊन दिली आहेत.

पार्श्वभूमी

कबड्डीत प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात असतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, तर महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते. चढाईपटूचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी लवकर बसते. बचावपटूचे काम पकड फसली तरच लक्षात येते, आणि व्यायामशाळेतही बहुधा त्याच्याकडे असेच दुर्लक्ष होते.

हुतुतू या नावाने महाराष्ट्रात रुजलेल्या या खेळाचा विदर्भाशी जुना संबंध आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची व खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा प्रथमच पदकांसाठी समावेश झाला व भारताने सुवर्णपदक मिळविले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर मॅटवरील खेळ घरोघरी दिसू लागला आणि खेळाडूंच्या शारीरिक तयारीकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघ उपान्त्य सामन्यात इराणकडून पराभूत झाला. त्या संघात महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश एर्नाक होता. इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली कबड्डीत येण्यापूर्वी कुस्ती खेळत असे. कुस्तीत घडलेली कंबर, मान आणि हाताची पकड कबड्डीच्या बचावात किती उपयोगी पडते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्राला तालमीची परंपरा असूनही आपल्याकडे कबड्डीचे मैदान आणि कुस्तीचा आखाडा यांचा सराव बहुतेक ठिकाणी वेगवेगळा राहिला, ही खेदाची बाब आहे.

पकडीचे शरीरशास्त्र

बचावपटू गुडघे व कंबर वाकवून, पाठ सरळ ठेवून, पायांच्या पुढच्या भागावर भार घेऊन उभा असतो. या स्थितीत त्याला आडवे सरकावे लागते आणि क्षणार्धात पुढे झेप घ्यावी लागते. घोट्याच्या पकडीत तो दोन्ही हातांनी चढाईपटूचा घोटा धरून आपल्या अंगाकडे ओढतो. मांडीच्या किंवा कमरेच्या पकडीत खांदा व छाती प्रतिस्पर्ध्याला चिकटवून त्याला जमिनीपासून तोडण्याचा प्रयत्न असतो. पायांची कात्री घालून धरणे नियमबाह्य असल्याने सगळा भार हात, खांदे आणि धडावर येतो.

खरी कसोटी पकड झाल्यावर लागते. चढाईपटू मध्यरेषेकडे जीव तोडून झेपावत असतो. त्याच्या शरीराचा कोणताही भाग रेषेला लागला तर त्याला स्पर्श केलेले सर्व बचावपटू बाद होतात. अशा वेळी बचावपटूचे स्नायू आखडून हालचाल घडवीत नसतात. ते एकतर लांबी न बदलता ताण धरून ठेवतात किंवा ताणले जात असताना विरोध करीत असतात. केवळ वजन वर उचलण्याचा सराव केलेला मुलगा इथे कमी पडतो. वजन सावकाश खाली आणण्याचा व एका जागी रोखून धरण्याचा सराव त्यासाठी स्वतंत्रपणे करावा लागतो.

डॅश हा प्रकार निराळा आहे. त्यात बचावपटू खांद्याने व छातीने चढाईपटूला मैदानाबाहेर ढकलतो. या क्रियेत जमिनीला मागे रेटणारी पोटरी व नितंबांची शक्ती निर्णायक ठरते. छाती फुगवून काही साधत नाही.

हंगाम आणि सुट्टी

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत पावसाळ्यात तालुका पातळीवर सुरू होऊन जिल्हा, विभाग व राज्य या क्रमाने पुढे सरकतात. वर्धा जिल्हा नागपूर विभागात मोडतो. दिवाळीनंतर खुल्या व गावोगावच्या स्पर्धांचे दिवस येतात. विद्यार्थी-खेळाडूला सलग मोकळा काळ मिळतो तो वार्षिक परीक्षेनंतर. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धापासून सुमारे ९ ते १० आठवडे हाती येतात. बलसंवर्धनासाठी हा काळ पुरेसा आहे, पण तो विदर्भाच्या उन्हाळ्यातला आहे, हे विसरून चालत नाही.

मे महिन्यात वर्ध्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. नवतप्याच्या दिवसांत तर सकाळी नऊनंतर अंगणात उभे राहवत नाही. व्यायाम पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान किंवा सूर्यास्तानंतर करावा. पहिल्या १० ते १४ दिवसांत शरीराला उष्णतेची सवय होईपर्यंत श्रम हळूहळू वाढवावेत. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची लक्षणे दिसताच मुलाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. घाम येणे थांबेपर्यंत वाट पाहू नये. श्रमाच्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतानाही कोसळतो.

दुसरी अडचण जमिनीची. नालवाडी, पवनार, सेवाग्राम हा वर्ध्याभोवतीचा सारा टापू कापसाच्या काळ्या मातीचा आहे. पावसाळ्यात चिकट होणारी ही माती उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते व भेगाळते. अशा जमिनीवर उड्यांचा भरमसाट सराव केल्यास नडगीचे दुखणे ओढवते. मुरूम टाकून वर भुसभुशीत माती पसरलेली जागा, कुस्तीचा आखाडा किंवा जुन्या मॅट यांचा उपयोग करावा.

खेड्यातील मुले सुट्टीत शेतावर राबतात, ही गोष्ट शहरी पद्धतीच्या वेळापत्रकांत धरलेलीच नसते. पेरणीपूर्व मशागत, खत वाहणे, धुऱ्याची झुडपे तोडणे हेही शरीरावरचे ओझेच आहे. ज्या दिवशी चार तास शेतात काम झाले, त्या दिवशी पायांचा जड व्यायाम टाळणे हा आळस नव्हे.

व्यायामाची आखणी

वाढत्या वयात वजने उचलल्यास उंची खुंटते, हा समज अजूनही अनेक पालकांत आढळतो. त्याला आधार नाही. जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली, योग्य तंत्राने व टप्प्याटप्प्याने केलेले बलसंवर्धन कुमारांना सुरक्षित असते, असे क्रीडावैद्यकाचे मत आहे. धोका असतो तो तंत्र बसण्याआधी मित्रांशी पैज लावून कमाल वजन उचलण्यात.

पहिले तीन आठवडे शरीर जुळविण्याचे असतात. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून व्यायाम करावा. या काळात बैठका, जोर, लंजेस, बारवर लोंबकळणे व छाती वर खेचणे, आणि कमरेतून वाकण्याची योग्य रीत यांवर भर असतो. सपाटे हा तालमीतला जुना प्रकार अंग तापविण्यास उत्तम. मात्र हजार बैठका मारल्याने दम वाढतो, पकडीला लागणारे कमाल बळ त्या प्रमाणात वाढत नाही. सहज पंचवीस बैठका काढता येऊ लागल्या की संख्या वाढविण्यापेक्षा ओझे वाढवावे.

दुसऱ्या टप्प्यात, साधारण चार आठवडे, ओझे येते. बारबेल असल्यास स्क्वॅट व डेडलिफ्ट करावे. नसल्यास वाळूने भरलेले पोते छातीशी धरून बैठका काढाव्यात. पोते ही गरिबाची सोय म्हणून हिणवली जाते, परंतु त्याचे ओझे हलते, निसटते, त्याला धड टोक नसते, आणि निसटू पाहणारा चढाईपटूही असाच असतो. प्रत्येक प्रकाराचे दोन ते तीन संच, प्रत्येक संचात ८ ते १२ आवृत्त्या आणि संचांमध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती असावी. ठरलेल्या आवृत्त्या तंत्र न मोडता पूर्ण झाल्या तरच वजन ५ ते १० टक्क्यांनी वाढवावे.

हाताच्या पकडीसाठी दोर चढणे, ओला टॉवेल पिळणे, बारवर टॉवेल टाकून त्याला लोंबकळणे हे प्रकार सोपे आहेत. मल्लखांब हा याहून समृद्ध व्यायाम आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट्टदादा देवधर यांनी प्रचारात आणलेल्या या विद्येत हाताच्या पकडीबरोबर मांड्यांच्या आतील स्नायूंची आढीही लागते. कोपरारक्षकाला आडवे सरकताना नेमके हेच स्नायू दुखावतात. शाळेत मल्लखांब उभा असेल तर तो केवळ २६ जानेवारीच्या प्रात्यक्षिकापुरता न ठेवता बचावपटूंना आठवड्यातून दोनदा त्यावर चढवावे.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक कर्ल उपयुक्त आहे. गुडघ्यांवर उभे राहून जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि शरीर सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकायचे, असे त्याचे स्वरूप आहे. साधन लागत नाही. नियमित सराव केल्यास या स्नायूंच्या दुखापती लक्षणीयरीत्या घटतात, हे फुटबॉलपटूंवरील अभ्यासांत दिसून आले आहे. सुरुवात आठवड्यातून एकदा, पाच आवृत्त्यांच्या दोन संचांनी करावी, अन्यथा पुढचे तीन दिवस चालणे कठीण होते.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत बळाचे रूपांतर वेगात करायचे असते. या काळात आवृत्त्या कमी, वजन मध्यम व हालचाल शक्य तितकी वेगवान ठेवावी. जड चेंडू फेकणे, दोन्ही पायांनी लांब उडी, आडव्या उड्या, आणि जोडीदाराला खांद्याने रेटत पाच मीटर नेणे हे प्रकार येथे येतात. रोखून धरण्याच्या सरावासाठी जोडीदाराच्या कमरेला पट्टा बांधून त्याला मध्यरेषेकडे ओढू द्यावे व बचावपटूने अर्ध्या बैठकीत दहा सेकंद त्याला अडवावे. साखळीतील दोघांनी हा सराव एकत्र करणे अधिक चांगले, कारण साखळी तुटते ती बहुधा दोघांचे पाऊल एका वेळी न पडल्याने.

मान, डोके आणि गुडघे

घोट्यावर झेपावताना बचावपटूचे डोके चढाईपटूच्या गुडघ्यावर आदळण्याचा संभव असतो. मानेचे स्नायू चारही दिशांनी बळकट करण्यासाठी तळहाताचा विरोध देऊन डोके स्थिर ठेवण्याचा व्यायाम पुरेसा आहे. डोक्यावर भार देऊन केलेला पूल नवशिक्याने एकट्याने करू नये. झेपेत नजर वर व डोके प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूस ठेवण्याची सवय बिगरहंगामी काळातच, संथ गतीने लावावी लागते. डोक्याला मार लागून भोवळ, विस्मरण किंवा धूसर दिसणे असे काही जाणवल्यास त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये व डॉक्टरांकडे जावे. पाणी मारून मुलाला परत उभे करण्याची जुनी रीत घातक आहे.

गुडघ्यातील पुढचा क्रूस अस्थिबंध तुटल्यास बहुतेक खेळाडूंना शस्त्रक्रिया व किमान नऊ महिन्यांची विश्रांती लागते. गरीब घरातील मुलाचा खेळ तेथेच संपतो. मुलींमध्ये या दुखापतीचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते. उडीनंतर गुडघे आत न वळवता, वाकवून, आवाज न करता जमिनीवर उतरण्याचा सराव दररोज दहा मिनिटे करावा.

आहार आणि वजनगट

वाढत्या वयाच्या खेळाडूला दररोज शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोग्रॅम वजनाच्या मुलास हे प्रमाण ९० ग्रॅम होते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात ६ ते ७ ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. भाकरी, वरण, फुटाणे, ताक आणि सोयाबीन हे सारे वर्धा जिल्ह्यात सहज मिळते. महागड्या डब्यांतील पूड घेण्यापूर्वी ताटातील वरण घट्ट करावे, हा सल्ला कमी खर्चाचा आणि अधिक खात्रीचा आहे. शिवाय अशा पुडींत बंदी असलेले पदार्थ मिसळलेले आढळल्यास, खेळाडूला ते ठाऊक नव्हते ही सबब उत्तेजक चाचणीत चालत नाही.

कबड्डी वजनगटांत खेळली जाते. वरिष्ठ गटात पुरुषांसाठी ८५ व महिलांसाठी ७५ किलोग्रॅमची मर्यादा आहे, कुमार व किशोर गटांत ती याहून कमी असते. बलसंवर्धनाने स्नायू वाढले की वजनही वाढते. मग स्पर्धेच्या तोंडावर मुलाला दोन दिवस पाणी न पाजणे, उन्हात स्वेटर घालून पळविणे असे प्रकार सर्रास होतात. यात मूत्रपिंडांवर ताण येतो, पकडीचे बळ घटते आणि प्रसंगी जिवावर बेतते. सुट्टी सुरू होताना व नंतर दर पंधरवड्याला वजन नोंदवून मूल पुढच्या हंगामात कोणत्या गटात बसेल, याचा अंदाज जूनमध्येच घ्यावा. वाढीच्या वयात मूल मर्यादेच्या वर जाणारच असेल, तर त्याला वरच्या गटात खेळविणे योग्य ठरते, मग त्या वर्षी संघाला चषक मिळो वा न मिळो.

हंगामातील सातत्य

शाळा सुरू झाल्यावर कबड्डीचा सराव वाढतो आणि वजनांचा व्यायाम बहुधा पूर्णपणे सुटतो. तसे झाल्यास उन्हाळ्यात कमावलेले बळ काही आठवड्यांतच उतरू लागते. आठवड्यातून एकदा, शक्य असल्यास दोनदा, अर्धा तास जड पण कमी आवृत्त्यांचा व्यायाम केल्यास ते बहुतांशी टिकते. सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत पायांचा जड व्यायाम व नॉर्डिक कर्ल टाळावेत.