नैराश्यावरील औषधे आणि कामजीवन

नैराश्य, चिंताविकार व मंत्रचळ यांवर दिल्या जाणाऱ्या बऱ्याच औषधांचा कामेच्छा, उत्तेजन आणि कामपूर्ती यांवर परिणाम होतो. सर्वाधिक तक्रारी एसएसआरआय गटातील फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम या औषधांबाबत आढळतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि जुन्या पिढीतील क्लोमिप्रामिनही याबाबतीत मागे नाहीत.

नेहमी आढळणारा परिणाम म्हणजे कामपूर्तीला लागणारा विलंब, किंवा ती अजिबात न होणे. पुरुषांत वीर्यस्खलन लांबते, काहींना ताठरता टिकवता येत नाही. स्त्रियांत योनीतील ओलावा कमी होतो. इच्छाच मावळल्याची तक्रार दोघेही करतात, तर काहींना जननेंद्रियांची संवेदना बोथट झाल्यासारखी वाटते. हा त्रास पहिल्या एकदोन आठवड्यांतच जाणवू शकतो. मन सावरायला मात्र बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे गुण येण्याआधी त्रासच पदरी पडतो आणि अनेकजण गोळ्या परस्पर सोडून देतात.

ही औषधे मेंदूतील सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात. त्यातून काही विशिष्ट ग्राहींमार्फत डोपामिनचे कार्य दबते, आणि इच्छा व सुखसंवेदना यांत डोपामिनचा वाटा मोठा असतो. याच गुणधर्माचा उलट उपयोगही होतो: लवकर ओसरणारे डापॉक्सेटिन शीघ्रपतनावर वापरले जाते.

हा त्रास किती जणांना होतो, हे विचारण्यावर ठरते. स्पेनमध्ये ३४४ रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपणहून तक्रार करणारे १४ टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर हे प्रमाण ५८ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रातील बाह्यरुग्ण विभागांत रुग्णाबरोबर नवरा, सासू किंवा मोठा मुलगाही आत येतो, तेव्हा ‘आणखी काही त्रास?’ या मोघम प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळणार. रुग्णाला एकटे बसवून स्पष्ट शब्दांत विचारणे हा म्हणूनच उपचाराचा भाग आहे, शिष्टाचाराचा भंग नव्हे. हा प्रश्न औषध सुरू करण्यापूर्वीही विचारावा लागतो. नैराश्यातही कामेच्छा मंदावते, शिवाय मधुमेह, मद्यपान व रक्तदाबावरील काही औषधे यांचाही परिणाम असतो. आधीची स्थिती नोंदलेली नसेल तर दोष कशाचा, हे नंतर सांगता येत नाही. काहींचे कामजीवन तर नैराश्य हटल्यामुळे सुधारते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

उपाय बरेच आहेत. काही महिन्यांत शरीर सरावते, पण सर्वांचेच नाही. नैराश्य आटोक्यात असल्यास मात्रा कमी करता येते. बुप्रोपियॉन, मिर्टाझापिन, अ‍ॅगोमेलाटिन यांचा कामजीवनावरील परिणाम तुलनेने कमी असल्याने औषध बदलता येते. मात्र बुप्रोपियॉन फिट येणाऱ्यांना देत नाहीत. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलचा उपयोग होतो, पण छातीतील कळीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांना ते घातक ठरते. शनिवार-रविवार गोळी वगळण्याचा मार्ग फारसा हिताचा नाही. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे राहत असल्याने त्याबाबतीत तो निरुपयोगी ठरतो आणि पॅरॉक्सेटिनसारखे औषध एकाएकी थांबले की चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होते. म्हणून मात्रा कमी करणे किंवा औषध सोडणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने करावे लागते.

ट्रॅझोडोनचा एक दुर्मीळ परिणाम निराळा आहे: लिंग वेदनेसह ताठर राहते. ही स्थिती चार तासांपेक्षा जास्त टिकल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते, अन्यथा कायमची इजा संभवते.

बहुतेकांत औषध बंद झाल्यावर कामजीवन पूर्ववत होते. थोड्यांत मात्र संवेदना बोथट होणे, इच्छा मावळणे हा त्रास औषध सोडल्यानंतरही महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतो. युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये या शक्यतेचा उल्लेख औषधांच्या माहितीपत्रकात करण्याची शिफारस केली. या अवस्थेचे कारण अद्याप उलगडलेले नाही आणि तिच्यावर खात्रीचा उपचारही उपलब्ध नाही.