आकडेमोडीच्या प्रयोगांसाठी पायथनची मांडणी

संगणकावर आकडेमोडीचे प्रयोग करण्यासाठी पायथन ही भाषा आणि नमपाय हे तिचे पॅकेज विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र, सर्व प्रयोगांसाठी एकच मांडणी वापरणे धोक्याचे ठरते. जून २०२४ मध्ये नमपायची २.० ही आवृत्ती आली आणि आधीच्या आवृत्तीवर बेतलेले काही प्रोग्रॅम चालेनासे झाले.

त्यामुळे प्रत्येक प्रयोगासाठी स्वतंत्र फोल्डर करून त्यात आभासी मांडणी तयार करावी. 'व्हीएन्व्ह' ही त्यासाठीची सोय २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून पायथनचाच भाग आहे. ती सुरू केल्यानंतरच 'पिप'द्वारे नमपाय बसवावे. 'पिप फ्रीझ' या आज्ञेने पॅकेजेसच्या आवृत्त्यांची यादी मिळते. ती यादी आणि पायथनचा आवृत्ती क्रमांक प्रयोगासोबतच जतन करावा.

पहिली चाचणी म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करावी. उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. हा बिघाड नव्हे. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या तंतोतंत साठवता येत नाही. म्हणून दोन उत्तरांतील फरक ठरावीक मर्यादेत आहे का, एवढेच तपासावे. आवृत्त्यांची नोंद नसेल, तर वर्षभराने स्वतःचेच उत्तर पडताळणे कठीण होते.