चाकणची वही आणि देहूरोडचे विहार

पिंपरी-चिंचवडच्या सांस्कृतिक वारशाविषयी जे लिहिले जाते त्यात मोरया गोसावी येतात, चापेकर बंधू येतात आणि मग लेखक एकदम कारखान्यांच्या भोंग्यावर येतो. मधली माणसे कुठे गेली? २०१६ साली पिंपरीत ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा, उद्योगनगरीला स्वतःचे साहित्य नाही, ते बाहेरून आणावे लागते, असे सुशिक्षितांच्या तोंडून मी ऐकले. मला ते मुळीच मान्य नाही.

चापेकरांची नोंद झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. दामोदर हरी चापेकर कीर्तनकाराच्या घरातले. रँडच्या वधानंतर तुरुंगात त्यांनी आत्मवृत्त लिहिले. त्यात सुधारकांविषयीचा रागही भरपूर आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. असो.

मला बोलायचे आहे ते चाकणविषयी. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. त्याच चाकणचा संताजी जगनाडे. जातीने तेली, घाण्यावरचा माणूस. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवण्याचे काम त्याने केले, असे परंपरा सांगते, वि. ल. भावे यांनी १९१९च्या सुमारास गाथा छापली तीही संताजीच्या वह्यांच्या आधाराने. ज्या काळात शूद्राने धर्माविषयी बोलणे हाच गुन्हा होता, आणि तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्याची कथा आजही सांगितली जाते, त्या काळात एका तेल्याच्या हाती लेखणी असणे ही साधी गोष्ट नव्हे. संताजीची समाधी सुदुंबऱ्याला आहे. या पट्ट्याचा आद्य लेखनिक कोण, असे मला कुणी विचारले तर मी हेच नाव सांगेन.

देहूपासून जवळच देहूरोड. लष्कराच्या दारूगोळा डेपोमुळे ही वस्ती वाढली. इथे आपल्या लोकांनी चोखामेळ्याचे मंदिर म्हणून एक वास्तू उभारायला घेतली होती. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी त्याच वास्तूत रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. नागपूरच्या दीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच होय असे मत मांडले आणि त्यावर आपण प्रबंध लिहिणार असल्याचेही सांगितले. तो प्रबंध लिहून व्हायचा राहिला.

या घटनेचा अर्थ आपण नीट लावलेला नाही असे मला वाटते. चोखोबाला हाकलून बुद्धाला आणले, असा सोपा अर्थ काही जण काढतात. पण १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला होता, हे विसरून कसे चालेल? चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून मेला. बांधकामावर मेलेला कवी! बाबासाहेबांनी त्याची भक्ती घेतली नाही, त्याचे माणूसपण घेतले. देहूरोडला देव बदलला, तसा प्रश्नही बदलला: देवळात प्रवेश मिळेल का, हे विचारणे तिथे संपले. त्याच १९५४ साली शेजारच्या पिंपरीत सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली. नगराच्या इतिहासात दुसरी घटना ठळक छापली जाते, पहिली क्वचित.

आता खेड तालुका, म्हणजे चाकणचाच तालुका. राजगुरूंचा म्हणून तो ओळखला जातो, ते योग्यच आहे. पण याच तालुक्यातल्या पूर-कनेरसरला १९४९ साली नामदेव ढसाळ जन्मला. लहानपणीच मुंबईला गेला, कामाठीपुऱ्याच्या आसमंतात वाढला, टॅक्सी चालवली. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. पुढे त्याने वृत्तपत्रांतून सदरेही लिहिली. ‘तो मुंबईचा कवी’ असे म्हणून तालुका मोकळा होतो. मात्र महाराला गावात शेत नव्हते, मान नव्हता, म्हणून तो मुंबईला गेला; त्याचे गाव सोडणे हाही या तालुक्याचाच इतिहास आहे. त्यानंतर काही दशकांनी त्याच तालुक्यात कामासाठी देशभरातून माणसे येऊ लागली, हा काळाचा मोठा चमत्कारिक हिशेब.

चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगाव. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला आणि विठाबाईही इथलीच. १९५७ आणि १९९० अशी दोनदा तिला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली ही बाई अखेरीस पैशाच्या विवंचनेत गेली. १५ जानेवारी २००२ ही तिच्या मृत्यूची तारीख. ढसाळ गेला तोही १५ जानेवारीलाच, २०१४ साली. मांगाची हलगी आणि ढोलकी यांना ‘लोककला’ म्हणायचे आणि चौकातल्या कमानीला नाव मात्र दुसऱ्याचे द्यायचे, ही आपल्याकडची रीत आहे.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच यात्रेसाठी सुपारी द्यायला तिथे येतात, घासाघीस करतात, तारीख पक्की करतात आणि त्याच रस्त्याने, कारखान्यांच्या कंटेनरांमधून वाट काढत, परत जातात.