आजीचं नाव आणि ‘ग्लुविटा’

परवा मावशीचा फोन आला. तिच्या मेतकूट-भाजणीला आता गल्लीबाहेरचं गिऱ्हाईकही मिळायला लागलंय. तर आता छापील पाकिटं करायची आणि नाव ‘रजिस्टर’ करायचं. नाव कधीच ठरलेलं होतं: आजीला तिच्या माहेरी ज्या लाडक्या नावाने हाक मारत, ते. (इथे लिहीत नाही. अर्ज होईपर्यंत कुठे बोलायचं नाही असं मावशीने बजावलंय.) "ते नाव कोणी घेतलंय का, तेवढं नेटवर बघून सांग रे. छापखानावाला आगाऊ पैसे मागतोय."

मी ट्रेडमार्क कचेरीच्या साइटवर गेलो. मसाले, पिठं, चहा, बिस्किटं हे सगळं वर्ग ३० मध्ये येतं. वर्ग निवडला, नाव टाकलं. काही नाही! पाच मिनिटांत मावशीला "रस्ता मोकळा आहे" असं कळवून टाकलं.

रात्री मात्र एक गोष्ट डोक्यात राहिली. तिथे शोधायच्या तीन तऱ्हा आहेत. शब्दावरून, चित्रावरून आणि उच्चारावरून. मी पहिलीच वापरली होती. मग तिसरी कशाला ठेवली असेल? वाचायला बसलो आणि जुन्या खटल्यांत असा अडकलो की दोन कधी वाजले कळलं नाही.

गोष्ट सुरू होते इंग्लंडात. १८७५ साली तिथे नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ ला वही उघडली. पहिला नंबर लागला बास कंपनीच्या बिअरवरच्या लाल त्रिकोणाचा. (मानेच्या १८८२ च्या प्रसिद्ध चित्रात, बारच्या टेबलावरच्या बाटल्यांवर हाच त्रिकोण दिसतो.) त्यांचं बरं होतं, आधी कोणी नोंदलंय का हे बघायला वहीच कोरी! खरी पंचाईत झाली कापडाच्या छापांची. ते इतके आणि एकमेकांसारखे, की त्यांच्यासाठी मँचेस्टरला वेगळी व्यवस्था करावी लागली. त्यातलं पुष्कळसं कापड आपल्याकडे यायचं. गिऱ्हाइकाला अक्षर येवो न येवो, हत्ती नि घोडा ओळखता येत होता.

आपल्याकडे मात्र १९४० पर्यंत नोंदणीचा कायदाच नव्हता. ज्याला काळजी असे तो ‘हे नाव माझं’ असं प्रतिज्ञापत्र दस्त म्हणून नोंदवून घेई आणि वर्तमानपत्रात जाहिरात देई. म्हणजे नाव शोधायचं तर बाजारच हिंडायचा. पुढे १९५८ चा आणि मग १९९९ चा कायदा आला. हा दुसरा २००३ पासून लागू आहे. मुख्य कचेरी मुंबईत, अँटॉप हिलला.

आता तो खटला ज्याने माझी झोप उडवली. एका अमेरिकन कंपनीची ‘ग्लुकोविटा’ ही ग्लुकोज पावडर इथे १९४२ पासून नोंदलेली होती. १९४९ साली शांग्रिला नावाच्या कंपनीने बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’ या नावाचा अर्ज केला. शब्द वेगळा, वस्तूही वेगळी. नुसता शब्द टाकून शोधलं असतं (माझ्यासारखं!) तर "रस्ता मोकळा" असंच उत्तर आलं असतं. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि निकाल लागला १९५९ मध्ये, म्हणजे अर्जानंतर दहा वर्षांनी. कोर्ट म्हणालं, मधला एक ‘को’ गाळल्याने फरक पडत नाही. गिऱ्हाईक काही दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून बघत नाही. त्याच्या मनात पहिल्या नावाची अर्धवट आठवण असते, आणि त्या आठवणीवर दुसरं नाव खपून जातं. अर्ज गेला.

तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’. दोन्ही घरगुती औषधं. पहिलं मूळचं लाहोरचं, दुसरं कानपूरचं, १९२३ पासूनचं. आपण म्हणू, अमृत कुठे आणि लक्ष्मण कुठे! कोर्टाने खेड्यातला, कदाचित निरक्षर, साधा माणूस डोळ्यांपुढे आणला. तो शब्दाची फोड करून अर्थ लावत बसत नाही, त्याच्या कानात पूर्ण नाव घुमतं. म्हणून नावं सारखीच. पण गंमत म्हणजे लक्ष्मणधारा एकदम बाद झाली नाही. इतकी वर्षं ती उघडपणे विकली जात होती आणि अमृतधारावाले गप्प होते, म्हणून फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

म्हणजे वहीत शोधायचं ते नाव नव्हे, नावाची आठवण. सगळ्यात विसराळू गिऱ्हाइकाच्या कानाने शोधायचं.

आणि वही तरी कुठे सगळं सांगते? ग्लुविटाच्याच निकालात म्हटलंय की एखादं नाव वहीत आहे एवढ्यावरून ते बाजारात चालतंय असं सिद्ध होत नाही. उलट ‘व्हर्लपूल’चं बघा. त्यांची इथली नोंदणी नूतनीकरणाअभावी १९७७ मध्ये संपली. १९८६ साली एका ट्रस्टच्या विश्वस्तांनी तेच नाव वॉशिंग मशीनसाठी मागितलं आणि नोंदणी मिळालीही. तरीसुद्धा १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना ते वापरण्यापासून थांबवणारा हुकूम कायम ठेवला. नाव लोकांच्या मनात व्हर्लपूल कंपनीचंच होतं. तेव्हा कचेरीच्या साइटवर शोधून झालं, तरी बाजार हिंडायचं राहतंच.

पहाटे मी आजीचं नाव उच्चारावरून शोधलं. यादी आली. तिसऱ्या ओळीवर एक नाव, त्याच वर्ग ३० मध्ये, नोंदणी जिवंत. आजीच्या नावात शेवटी ‘ई’, त्यांच्या नावात ‘ऊ’. मी दोन्ही मोठ्याने म्हणून बघितली. मग बायकोला म्हणायला लावली. ती म्हणाली, "एकच तर आहे."

सकाळी सातला मावशीला फोन केला. पैसे अजून दिले नव्हते, नशीब. पण ती चिडली. "माझ्या आईचं नाव आहे ते! मला कोण अडवणार?" मुद्दा तसा बरोबर आहे. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कायदा अडवत नाही, धंदा ज्याच्याकडून आला त्याच्या नावालाही सवलत आहे. पण मावशीचं नाव ते नाही. आणि आजीने मेतकूट जन्मात विकलं नाही, वाटलं. हे सांगितल्यावर मावशी बराच वेळ काही बोलली नाही.

अर्जाचे साडेचार हजार, नाकारला तर परत मिळत नाहीत. जाहिरात आली की चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. मावशीचा दोन खोल्यांतला धंदा दहा वर्षं खटला लढणार नाही. अर्थात सल्ला वकिलाचाच घ्यायचा, माझा नव्हे. माझ्या पाच मिनिटांच्या शोधाने काय केलं असतं ते पाहिलंच!

संध्याकाळी तिचाच फोन आला. "अरे, सासरी आल्यावर आईला सगळे आणखी एका नावाने हाक मारायचे. काय ते, आठवतच नाही."

तेव्हा घरच्या मंडळींनो, कोणाला आठवत असेल तर मावशीला फोन करा. इथे लिहू नका. मी शोधायला बसलोच आहे, या वेळी तिन्ही तऱ्हांनी.