रस्त्याचा हक्क: सात हातांपासून पोवई नाक्यापर्यंत

रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर तो सात हात ठेवावा, असा निवाडा हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) दिल्याचं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत नोंदलेलं आहे. सात हात म्हणजे साधारण अकरा फूट. पुढच्या काळातल्या फकीहांनी त्याचा अर्थ व्यवहारात लावला: ओझं लादलेले दोन उंट समोरासमोर आले तरी एकमेकांना न घासता निघून जावेत. दुसऱ्या एका हदीसमध्ये रस्त्याकडेला बसणाऱ्यांना बजावलं आहे की बसायचंच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या. नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामाला उत्तर द्या. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणं हा तर ईमानचाच एक भाग मानला गेला.

आपल्याकडच्या बयानांत हे अनेकदा ऐकायला मिळतं, पण बहुतेक वेळा गोष्ट काट्यापाशी नाहीतर दगडापाशी थांबते. आज वाटेतली इजा करणारी वस्तू कोणती, हा प्रश्न पुढे कुणी नेत नाही. तो सातारा आणि सांगली या दोन शहरांच्या इतिहासातून नेऊन पाहू. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं.

साताऱ्याचं शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी अठराव्या शतकात छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वसलं. सोमवार, मंगळवार, शनिवार अशा वारांच्या नावाच्या पेठा झाल्या. पेठ ही चालणाऱ्याच्या मापाची वस्ती असते. दुकान, विहीर, मंदिर, मशीद, तालीम सगळं पायाच्या अंतरावर. पुढे १८१८ ते १८३९ या काळात प्रतापसिंह महाराजांनी शहराला पाणी आणि रस्ते दिले, महाबळेश्वरपर्यंत गाडीरस्ता नेला. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता ही साताऱ्याची जुनी ओळख. हे रस्ते पालखी, घोडा, बैलगाडी आणि पायी जाणारा माणूस यांच्यासाठी होते. या सगळ्यांच्या वेगात फार फरक नव्हता, म्हणून फूटपाथची गरजही नव्हती. अख्खा रस्ताच फूटपाथ होता.

सांगलीत १९२९ साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला. आजही सांगलीकर पावसाळ्यात या पुलाकडे डोळे लावून बसतात, कारण पुराचं पाणी किती फुटांवर आलं ते तिथे मोजलं जातं. २०१९ च्या महापुरात हा आकडा ५७ फुटांच्या पुढे गेला होता. पाण्याचा प्रत्येक इंच आपण मोजतो, कारण पाणी जीव घेतं हे आपण मान्य केलं आहे. गाड्यांचा वेग मात्र शहराच्या एकाही चौकात अशा निष्ठेने मोजला जात नाही.

या दोन जिल्ह्यांच्या आठवणीत सायकलीला मोठी जागा आहे. ती गोष्ट सुरू होते बेळगावात. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर तिथे सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत शिक्षक होते. ते तिथून सायकली पाठवत, भाऊ रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. शिकवण्याची फी पंधरा रुपये होती असं सांगितलं जातं. त्याच वर्षी डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. या कहाणीतून सहसा उद्योगाचा धडा घेतला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नवं वाहन विकणाऱ्यानेच ते सुरक्षित चालवायला शिकवलं. वाहन रस्त्यावर आणणाऱ्यावर रस्त्याची जबाबदारीही होती.

हवेचा टायर आला आणि त्याबरोबर पंक्चर आलं. गावोगावी सायकलची दुकानं निघाली, त्यातली बरीच मुसलमानांची. तासावर भाड्याने मिळणारी सायकल, पाण्याच्या घमेल्यात बुडवून शोधलेलं भोक, रबराचा तुकडा आणि सोल्यूशन. दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस पकडत, नगरपालिका सायकलला बिल्ला देत. आज 'पंक्चरवाला' ही मुसलमानांना हिणवायची शिवी झाली आहे. शाळेत, कचेरीत, कारखान्यात वेळेवर पोचलेल्या कित्येक पिढ्या याच हातांनी चालत्या ठेवल्या, हे शिवी देणाऱ्याच्या लक्षात नसतं. आपल्याही नसतं, म्हणून आपण त्या शब्दाने ओशाळतो.

मग मोटार आली आणि हिशोब बदलला. कायद्याकडे पाहिलं तर हा बदल नीट दिसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यासाठी होतं. तेव्हा डोळ्यांसमोर घोडा आणि घोडागाडी होती. शिक्षा सहा महिने कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आलं. शिक्षा तीच, दंडाची कमाल रक्कमही तीच. १८६० साली हजार रुपये म्हणजे माणूस उभा-आडवा होईल अशी रक्कम होती. आज तेवढ्यात मोटारीची टाकीही भरत नाही. घोड्याच्या वेगासाठी लावलेली जरब आपण मोटारीच्या वेगाला पुरवतो आहोत.

वेगाची गोष्ट अशीच. २०१८ साली केंद्र सरकारने नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल वेग ताशी ७० किलोमीटर ठरवला. राज्यांना तो कमी करता येतो. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांपुढे आकडा ठेवला गेला ३० चा, म्हणजे जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकत्र येतात तिथला. कारण साधं आहे. तिशीत धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो, सत्तरीत बहुधा वाचत नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते.

साताऱ्यात पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र येतात. तिथे जमिनीखालून ग्रेड सेपरेटर बांधला, तो २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. वाहनांची कोंडी फोडण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च करता येतात, हे त्याने सिद्ध केलं. पण अशा कामाचं यश गाडीचे किती मिनिट वाचले यावर मोजतात. काठी टेकत जाणाऱ्या आजीला तोच नाका ओलांडायला किती वेळ लागतो, हे कुठल्याच निविदेत लिहिलेलं नसतं. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. सात हातांचा निवाडा चौदाशे वर्षांनी वेगळ्या भाषेत पुन्हा आला, असं मला वाटतं.

आता दारात उभी आहे स्वतः चालणारी गाडी. पुढचं पाहून आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारी पुणे-बंगळूर महामार्गावरून साताऱ्याजवळून जाऊ लागल्या आहेत. माणूस झोपतो, पितो, फोन पाहतो, यंत्र तसं करत नाही, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे. पण १८ मार्च २०१८ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात काय झालं तेही पाहावं. हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने उडवलं. चौकशीत निघालं की यंत्राला ती दिसली होती, पण ते तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर काही' ठरवत राहिलं. ठरवून दिलेल्या जागेखेरीज कुणी रस्ता ओलांडेल हे त्याच्या रचनेत धरलंच नव्हतं. गाडीत देखरेखीला बसलेली व्यक्ती फोनमध्ये होती.

ठरवून दिलेल्या जागेखेरीज! मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसाला किंवा आषाढीच्या वाटेवर लोणंद-फलटणला कोण ठरवून दिलेल्या जागी चालतं? खांद्यावर जनाजा घेऊन निघालेली माणसं झेब्रा शोधत नाहीत. हंगामात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर यंत्र कशात मोजणार? आमच्या रस्त्यावरची माणसं ज्या यंत्राच्या हिशोबात नाहीत, ते यंत्र आमच्यासाठी सुरक्षित नाही. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याची जबाबदारी आत बसलेल्यावरून काढून ती यंत्रणा रस्त्यावर आणणाऱ्या कंपनीवर टाकली. आपलं कलम २८१ अजून 'हाकणारा' शोधतं.

आणि तो हाकणारा कोण आहे? टांगा, ट्रक, एसटी, रिक्षा या धंद्यांत आपल्या समाजाची कितीतरी घरं उभी राहिली. विनाचालक गाडी देशात येऊ देणार नाही, कारण चालकांचा रोजगार जाईल, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली सांगितलं होतं. रोजगाराची ती काळजी योग्य आहे. पण नुसतं यंत्र अडवून चालकही वाचत नाही आणि चालणाराही. चालकाला पुरेशी झोप आणि चालणाऱ्याला मोकळी वाट मिळाली, तर दोघे वाचतात.

त्यासाठी यंत्राची वाट पाहायची गरज नाही. पेठांतून वेग तीसवर आणणं, फूटपाथ मोकळे करणं, प्रत्येक ट्रॉलीला मागे चमकपट्टी लावणं, शाळेसमोर गतिरोधक आणि दिवा, ही कामं नगरपालिकेच्या आणि महापालिकेच्या आवाक्यातली आहेत. ती मागायला अर्ज लागतो, आणि तो पेठेतल्या सगळ्यांनी मिळून द्यायला हवा. एक काम मात्र अर्जाशिवाय होतं. रस्त्यावरच्या नमाजवर टीव्हीवाले रात्र रात्र भांडतात. जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर आडव्यातिडव्या लावलेल्या आपल्या मोटारसायकलींबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शेजारची म्हातारी त्यांच्यामुळे रस्त्याच्या मधोमध उतरते. येत्या शुक्रवारी जमातीतल्या चार पोरांनी खुत्ब्याआधी त्या गाड्या एका रांगेत लावल्या, तर वाटेतली इजा दूर करण्याची सुरुवात तिथूनच होईल.