दगडातील अनुवाद : मंगला गौरी परिसरातील बालाजी घाटाची वास्तू

काशीतील मंगला गौरी परिसरात, पंचगंगा घाटाजवळ, बालाजी घाटावर एक विस्तीर्ण दगडी वास्तू उभी आहे. तिला आपण सहज ‘मराठी’ म्हणतो. हे विशेषण कोणत्या अर्थाने यथार्थ ठरते, हा येथे विचाराचा विषय आहे.

परंपरा या वास्तूचे श्रेय बाळाजी बाजीराव पेशव्यांना देते आणि काळ १७३५च्या सुमाराचा सांगते. परंतु बाळाजींना पेशवेपद मिळाले १७४० मध्ये. १७३५ साली ते अद्याप किशोरवयीन होते. त्याच वर्षी त्यांच्या आजी राधाबाई काशीयात्रेस आल्या होत्या, हेही लक्षात घ्यावे लागते. म्हणून बांधकामाचे श्रेय एका व्यक्तीऐवजी पेशवे घराण्यास देणे अधिक सावधपणाचे ठरेल. १८६४ मध्ये ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी ही वास्तू इंग्रज सरकारच्या लिलावात विकत घेतली.

रचनेच्या दृष्टीने पाहता पुण्याचा वाडा दगडी जोत्यावर उभा राहतो. वरचे मजले मात्र विटांचे आणि सागवानी खांब-तुळयांचे असतात. म्हणूनच १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचे मजले जळाले; तट आणि जोती उरली. काशीत नदीमार्गे येणारा चुनारचा वालुकाश्म हाताशी होता. त्यामुळे लाकडाचे काम तेथे दगडाने केले आणि स्थानिक पाथरवटांची घडणही त्याबरोबर आली. तेव्हा मराठीपण साहित्यात किंवा नक्षीत शोधणे व्यर्थ आहे.

ते आढळते देव आणि घर यांच्या नात्यात. येथे बालाजी शिखराखाली नव्हे, वाड्यात राहतात. जवळच्या पंचगंगेवर बिंदुमाधवाचे आजचे स्थानही असेच घरासारखे आहे. एकनाथांनी भागवतावरील मराठी टीका काशीतच १५७३ मध्ये पूर्ण केली. तेथे संस्कृत आशय मराठीत आला. येथे मराठी गृहकल्पना काशीच्या दगडात उतरली. दोन्ही ठिकाणी अनुवादानेच मूळ टिकले आणि दोन्ही ठिकाणी ते बदललेही.

हा अनुवाद एका समाजापुरता राहिला नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी याच बालाजी मंदिरात अनेक वर्षे सनईचा रियाज केला.

काही भाग कोसळल्यानंतर २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत बालाजी घाटाचा समावेश केला. जतनाचा विचार करताना केवळ दर्शनी भिंत वाचवून भागणार नाही. देवघर, राहते घर आणि घाट यांचा संबंध तुटला, तर दगड उरेल. वास्तूचा अर्थ मात्र हरवेल.