चाकाचा तुंबा : जोडणी व सोडवणूक

चाकाच्या मध्यभागी असलेल्या व आसाशी जोडलेल्या भागास तुंबा म्हणतात. बैलगाडीचा तुंबा लाकडी असून त्यात आरे ठोकलेले असतात. मालमोटारीचा तुंबा ओतीव लोखंडाचा वा पोलादाचा असून त्यावर चाक व गतिरोधकाचे पिंप किंवा चकती बसविलेली असते. तुंब्याच्या जोडणीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. वाहन चालू असताना चाक सुटता कामा नये आणि दुरुस्तीच्या वेळी ते विनासायास सुटले पाहिजे. तुंब्याच्या घडणीचा इतिहास हा बव्हंशी या दोन अपेक्षांचा मेळ घालण्याचा इतिहास होय. गंजाने जखडलेले तुंबे व चकत्या ही मोटारयुगातील अडचणही याच इतिहासाचा भाग आहे.

प्राचीन काळ : स्लोव्हेनियातील लूब्ल्यानाजवळच्या दलदलीत २००२ मध्ये सापडलेले लाकडी चाक इ. स. पू. सु. ३१५० मधील आहे. त्याचे मधले भोक चौकोनी असून आस त्यात पाचरींनी घट्ट केलेला होता. अर्थात चाक व आस एकत्रच फिरत. इ. स. पू. सु. २००० मध्ये उरल पर्वताच्या पूर्वेकडील सिंताष्टा संस्कृतीत आरे असलेल्या चाकांचे हलके रथ प्रचारात होते. नाभी, अर व नेमी या चाकाच्या भागांच्या संज्ञा ऋग्वेदात येतात. स्थिर आसावर फिरणारे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकास खीळ घालीत. युद्धात दशरथाच्या रथाचे चाक निखळू लागले असता कैकेयीने आपला हात घालून ते सावरले, ही लोकपरंपरेतील कथा या लहानशा भागाचे महत्त्व सुचविते.

महाराष्ट्रातील बैलगाडीतही हीच रचना आढळते. गाडीवान खीळ काढून चाक बाहेर ओढतो, आसाला वंगण लावतो व चाक पुन्हा सरकवितो. वंगणासाठी चाक वारंवार काढावे लागत असल्याने ते जखडण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती तापवून प्रसरण पावू देतो व चढविल्यावर पाण्याने निववितो. आकुंचन पावलेली धाव चाकास करकचून आवळते. उष्णतेचे हेच तत्त्व पुढे उलट कामासाठी, म्हणजे आवळलेले भाग सोडविण्यासाठी, उपयोगी पडले.

घोडागाड्या ते मोटारगाड्या : अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये टपालगाड्यांचा वेग वाढला व खिळीवरचा भरवसा उणा पडू लागला. टपालगाड्यांच्या आसांत तुंबा तीन बोल्टांनी मागील कड्याशी बांधण्यात येऊ लागला. कॉलिंज आसात तेलाचा साठा व विरुद्ध दिशेच्या आट्यांचे दोन नट असत. त्यामुळे एक नट सैल होऊ लागल्यास दुसरा त्यास अडवी. अशा आसाला पुष्कळ दिवस तेल घालावे लागत नसे. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे, म्हणजेच बेअरिंगचे, पेटंट घेतले. सेंट लुइस येथील गाड्यांचे कारखानदार हेन्‍री टिमकेन यांना १८९८ मध्ये निमुळत्या रुळांच्या धारव्याचे पेटंट मिळाले. हा धारवा उभा व आडवा असे दोन्ही भार पेलतो आणि त्यातील अंतर नटाने जुळविता येते. मालमोटारींत या धारव्यांच्या जोडीवर बसविलेला तुंबा दीर्घकाळ प्रमाणभूत ठरला. तो काढावा, धारवे धुवावेत, नवे वंगण भरून पुन्हा बसवावा, ही बैलगाडीच्या काळातील शिस्त त्यात टिकून राहिली.

१९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रनो यांनी पिंप गतिरोधक आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकती गतिरोधक पुढे आणला. चकतीचा खरा प्रसार १९५३ मधील ल मां शर्यतीत जॅग्वार गाड्यांनी मिळविलेल्या यशानंतर झाला. १९७० नंतर अमेरिकेतील हलक्या मालमोटारींच्या पुढील चाकांना चकत्या सर्रास बसविल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास सीलबंद धारवे व तुंबा यांचा एकच संच करण्याची पद्धती पसरली. या संचाला वंगण घालावे लागत नाही. मात्र तो वर्षानुवर्षे काढलाही जात नाही. काही मालमोटारींत चकती तुंब्याच्या मागील बाजूस बसविलेली असते. अशा वेळी चकती बदलण्यासाठी प्रथम तुंबा काढावा लागतो आणि एका भागाचे जखडणे दुसऱ्यालाही भोवते.

जखडण्याची कारणे : तुंब्याचा गोल भाग त्याच्या आधाराच्या भोकात अत्यंत अल्प अंतराने बसतो. या फटीत पाणी शिरले की लोखंड गंजते. गंजाच्या प्रकारानुसार त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. त्यामुळे बंदिस्त फटीत तो पाचरीसारखा दाब निर्माण करतो. मिठाच्या द्रावणात विद्युत् संवाहकता अधिक असल्याने ही क्रिया जलद होते. लोखंडास ॲल्युमिनियमाचे चाक वा आधार चिकटून असल्यास दोन धातूंतील विद्युत् रासायनिक क्रियेची भर पडते. अमेरिकेतील न्यू हँपशर राज्यात १९३८ मध्ये रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मिठाचा प्रायोगिक वापर झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धती उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत रूढ झाली. हिवाळ्यातील अपघात त्यामुळे कमी झाले, पण वाहनांच्या खालच्या भागांची झीज वाढली.

सोडविण्याच्या पद्धती : सर्वप्रथम गंजाच्या फटीत पातळ भेदक तेल सोडतात. केशाकर्षणाने ते आत शिरते. म्हणून त्यास काही तास मुरू देणे आवश्यक असते. या कामासाठी सर्रास वापरले जाणारे डब्ल्यूडी-४० हे द्रव्य १९५३ मध्ये सॅन डिएगो येथे मुळात पाणी दूर सारून गंज रोखण्यासाठी तयार करण्यात आले होते. अनेक चकत्यांना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळल्यास चकती तुंब्यापासून समांतर सुटते. तुंब्याच्या बाबतीत त्याचे बोल्ट काही आटे सैल करून मागून त्यांच्या डोक्यांवर दाब देतात किंवा मळसूत्री ओढणीचा उपयोग करतात. हातोड्याचे घाव गंजाचा थर फोडतात. परंतु तुंबा पुन्हा वापरायचा असल्यास ते टाळावे लागतात, कारण त्यांनी धारव्याच्या मार्गिकेवर गोळ्यांचे ठसे उमटतात.

शेवटचा उपाय उष्णतेचा होय. लोखंडाच्या १०० मिमी. व्यासाच्या भोकाचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढविल्यास त्याचा व्यास सु. ०·१२ मिमी. वाढतो. आतील तुंबा तितका तापण्यापूर्वी बाहेरचा भाग तापविल्यास पकड सुटते. ऑक्सिजन-ॲसिटिलीन ज्योतीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभापासून ही सोय कार्यशाळांना लाभली.

धोके : हे काम जिवावर बेतू शकते. टायर चढविलेले चाक तापविल्यास आतील दाब वाढून स्फोट होतो. बहुखंडी चाकांच्या अपघातांमुळे अमेरिकेत १९८० मध्ये त्यांच्या हाताळणीचे नियम करण्यात आले व १९८४ मध्ये ते एकखंडी चाकांनाही लागू झाले. चाकास उष्णता देण्यास त्यांत मनाई आहे. क्लोरीनयुक्त धुलाईद्रव्य लागलेला भाग तापविल्यास फॉस्जीन हा विषारी वायू उत्पन्न होऊ शकतो. जुन्या अस्तरांतील ॲस्बेस्टसाची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने पिंप वा चकती हवेच्या झोताने साफ करणे अयोग्य ठरते. वाहन केवळ उचलणीवर तोलून जोर लावल्यास ते कोसळण्याचा संभव असतो.

प्रतिबंध व महत्त्व : नवा भाग बसविताना दोन्ही पृष्ठे धातूच्या चकाकीपर्यंत घासून गोल भागावर जखडणरोधक वंगणाचा पातळ थर देतात. घासण्याचे हे काम केवळ पुढील दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून नसते. बैठकीच्या पृष्ठांवर गंजाचे पापुद्रे वा रंगाचे जाड थर राहिल्यास वाहन चालताना ते दबले जातात, बोल्टांतील ताण उतरतो व नट सैल होतात. १९९० नंतरच्या दशकात कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात मालमोटारींची निखळलेली चाके इतर वाहनांवर आदळून मृत्यू घडल्यावर तेथे १९९७ मध्ये चाक सुटणे हाच पूर्ण दायित्वाचा गुन्हा ठरविण्यात आला. योग्य काळजी घेतली होती, हा बचाव त्या वेळी त्यात ग्राह्य धरण्यात आला नव्हता. जो गंज तुंब्यास सुटू देत नाही, तोच बैठकीवर राहिल्यास चाकास निखळू देतो. म्हणून जखडलेला भाग सुटल्यावर त्याची जागा स्वच्छ करणे हा या कामातील सर्वांत कमी कष्टाचा, परंतु रस्त्यावरील इतरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.